वाचून कोण दाखवतंय, ते सांगा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या महिन्यात एक ठराव आला आणि पडला. मागणी साधी होती. वर्षाच्या अनुदानातले थोडे पैसे काढून मराठी ऑडिओबुकची वर्गणी भरावी, एखादा टॅब आणि हेडफोन घ्यावेत, म्हणजे नजर अधू झालेल्या सभासदांना पुस्तकं ऐकता येतील. ठराव पडल्याचं मला एवढं वाटलं नसतं. अनुदान किती येतं आणि पावसाळ्यात छप्पर कुठे गळतं ते मला माहीत आहे. पण विरोध करणाऱ्यांतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मग पणजीच्या एका दैनिकात पत्र लिहिलं. ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, जेवणाचं वर्णन ऐकून पोट भरत नाही, कानाची सवय लागली की मुलं देवनागरी विसरतील, आणि गोव्यात मराठीची आधीच अशी अवस्था असताना वाचनालयानेच तिच्या मुळावर उठू नये, असा त्या पत्राचा सूर. भावोजींनी कात्रणाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते, केअर होममध्ये रात्रपाळी करते, आणि माझं निम्म्याहून जास्त मराठी वाचन कानाने होतं. ते पत्र मला लागलं.

हा ठराव कुणासाठी होता, ते आधी बघू. माझी मावशी त्या वाचनालयाची जुनी सभासद. काचबिंदूने तिची नजर गेली. त्याआधी पुस्तक बदलायला पावसातसुद्धा छत्री घेऊन जाणारी बाई ती, नवीन पुस्तकांची यादी लागली की पहिली हजर. तिने आता काय करायचं? इथे ब्रिटनमध्ये अंधांच्या राष्ट्रीय संस्थेने 1935 साली बोलकी पुस्तकं सुरू केली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ओळखून. तबकडीच्या एका बाजूवर साधारण 25 मिनिटांचा मजकूर मावायचा, एक कादंबरी म्हणजे तबकड्यांचं भलंमोठं खोकं. आमच्या मजल्यावर नव्वदी ओलांडलेली एक बाई आहे. रात्रीची औषधं झाली की ती असंच एक बोलकं पुस्तक कानाला लावते आणि सकाळी हँडओव्हरच्या वेळी मला सांगते, ते पुस्तक काल वाचून संपवलं, शेवट आवडला नाही. ‘वाचून’ म्हणते, आणि तिला दुरुस्त करायला कुणी जात नाही.

आणि हे फक्त गोऱ्यांचं शहाणपण आहे असंही नाही. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचनसुलभ रूपात आणण्याचा मराकेश करार 2013 मध्ये झाला, आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. दिल्लीला जे कळलं ते फोंड्याला कळू नये याचा मला राग येतो.

कारण गोव्याइतका ऐकून वाचणारा मुलूख दुसरा कुठला? आमच्या वाड्यावर श्रावणात पांडवप्रताप लागायचा. वाचणारा एक, ऐकणारं अख्खं अंगण, आणि त्यातल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. कर्णाचं चाक रुतलं त्या रात्री माझी आजी जेवली नाही. पांडवप्रताप तिला माहीतच नव्हता, असं म्हणायची छाती पत्रलेखकांना आहे का? आपल्याकडे ग्रंथ लावायचा म्हणजे कुणीतरी मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचा. एकट्याने कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचायची सवय आपल्याला शाळेने आणि छापखान्याने लावली. ती चांगलीच सवय आहे. पण तेवढंच खरं वाचन, हे कुणी ठरवलं?

माझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, वूटन बॅसेटच्या पलीकडे, विल्टशर परगण्यातच, बुश्टन नावाचं खेडं आहे. शेतं, कुंपणं, चार घरं. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे तिथले. लिस्बनहून जहाजात बसून 1579 मध्ये ते गोव्यात उतरले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. 1616 मध्ये ते गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लोकांची जुनी पुराणं हिरावून घेतलेली, कानांना पुराणाची सवय, म्हणून चर्चमधून आणि घरांतून मोठ्याने म्हणता यावं असं त्यांनी ते लिहिलं. धर्मांतराच्या त्या काळाबद्दल मला काय वाटतं तो विषय वेगळा, आणि ते गोड नाही. पण एक गोष्ट त्या विल्टशरच्या माणसाला बरोबर कळली होती. गोव्याच्या कानाला सोपं जावं म्हणून त्याने मराठीत जागोजागी तिथल्या बोलीचे शब्द मिसळले, आणि प्रस्तावनेत तसं सांगितलंही. ऐकणारा कोण, हे त्याने आधी बघितलं.

आज मराठी ऑडिओबुकच्या बाबतीत नेमकं हेच बघितलं जात नाही. पत्रलेखकांना भांडायचंच असेल तर इथे भांडावं, मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

स्टोरीटेल ही ऑडिओबुकची सेवा 2017 मध्ये भारतात आली तेव्हापासून मी मराठी पुस्तकं ऐकते आहे, आणि माझं मत असं बनलं आहे की छापील पुस्तक वाईट असूनही पुरं वाचता येतं, पण आवाज चुकला की चांगलं पुस्तकही तासाभराच्या पुढे जात नाही. नुसत्या गोड आवाजाने काम होत नाही. काही निवेदक प्रत्येक वाक्य बातमीसारखं वाचतात, शेवटचा शब्द खाली आणून ठेवतात, आणि पान पान तसंच चालतं. काहींना अभिनयाची इतकी हौस की म्हातारी आली की कापरा आवाज, मूल आलं की बोबडा, नोकर आला की अनुनासिक. अर्ध्या तासात डोकं दुखतं. त्याखाली बासरी किंवा सिंथेसायझर लावलं असेल तर मी बंदच करते. दुःखाच्या प्रसंगाला बासरीची गरज लेखकाला वाटली नव्हती, मग ती तुम्हाला का वाटावी?

चांगला निवेदक थोडंच करतो. संवाद सुरू झाला की सुराची पट्टी किंचित हलवतो, एवढ्याने कोण बोलतंय ते कळतं. हिवाळ्यातल्या एका पाळीत मी एक कौटुंबिक कादंबरी ऐकत होते. सासू सुनेला विचारते, ‘भात उरलाय का?’ पुढच्या ओळीत सून ‘हो’ म्हणते. छापील पानावर या दोन ओळी एकाखाली एक आहेत, डोळा सरळ घसरतो. निवेदिकेने त्या दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतला, जरा जास्तच वेळ. त्या श्वासात मला कळलं की भात उरलेला नाही आणि सून स्वतः जेवलेली नाही. दोन पानांनंतर लेखिकेनेही तेच सांगितलं. मी लॉन्ड्री रूममध्ये चादरीची एक घडी हातात धरून उभी राहिले होते. ते पुस्तक मी पूर्वी छापील वाचलं होतं आणि ती जागा माझ्या हातून निसटली होती. हे वाचन नसेल तर मग वाचन कशाला म्हणायचं?

आता गोव्याकडे येते. आपल्याकडचं कथानक असलेली एक कादंबरी मी मोठ्या आशेने लावली. निवेदकाचा आवाज भारदस्त, उच्चार पुण्याच्या सदाशिव पेठेतले, एकही अक्षर सैल नाही. आणि त्या आवाजात फोंड्याच्या बाजारात अबोलीचे वळेसर विकणारी बाई भाव करायला लागली. तिच्या तोंडी लेखकाने आपली बोली लिहिली होती. निवेदक ती परीक्षेतल्या उताऱ्यासारखी म्हणत गेला. ‘कुंकळ्ळी’ या गावाच्या नावातला जोड त्याने उडवला, ‘वळेसर’ अडखळत म्हटला. त्याचा दोष नाही, त्याने ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नाही. पण त्याला ऐकवायला स्टुडिओत कुणी नव्हतं, हा दोष आहे. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा, आणि देवनागरी ते दाखवत नाही. ते फक्त तोंडातून कानात जातं. लिपी वाचली म्हणजे भाषा वाचली असं मानणाऱ्यांनी मशीनच्या आवाजातली मराठी पुस्तकं ऐकावीत. अक्षर सगळं बरोबर आणि भाषा परकी.

ब्रिटनमध्येही एकेकाळी असंच होतं. बीबीसीवर एकाच घाटाची इंग्रजी चालायची. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं तर त्याच्या उच्चारांवर तक्रारी आल्या. आज माझ्या लायब्ररीच्या अ‍ॅपवर ग्लासगोची कादंबरी ग्लासगोचा माणूस वाचतो, आणि ती मिळवायला मला आठवडे थांबावं लागतं, एवढी मागणी असते. मी शिफ्टला निघते तेव्हा स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउट चौकात शेजारच्या गाडीत माणूस पुस्तक ऐकत असतो. तो वाचतोय की नाही यावर कुणी पेपरात पत्र लिहीत नाही. गोव्यात मात्र आवाजांची खाण पडून आहे. शिरोडा, म्हार्दोळ, मंगेशी, केरी, कुठल्याही देवळाच्या उत्सवात मराठी नाटक झाल्याशिवाय राहत नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणारे किती नट पानंच्या पानं पाठ करून, माइक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवतात. दीनानाथ मंगेशकर आणि केसरबाई केरकर ज्या तालुक्याने दिले, त्या तालुक्यात कादंबरी वाचायला आवाज सापडू नये?

मी स्वतः एकदा नमुना पाठवला होता. एका ऑडिओबुक कंपनीने निवेदक मागवले होते, मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, वर जाड रजई ओढून, दहा मिनिटं वाचून पाठवलं. उत्तर सभ्य होतं. आवाज चांगला आहे, पण हेल येतो. तो हेल माझ्या आईचा आहे, आजीचाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेले की दोन वाक्यांत कुणीतरी विचारतंच, तुम्ही कोकणी ना? आणि स्विंडनच्या मँचेस्टर रोडवरच्या आपल्या गोंयकारांत, जिथे चर्चची मिस्सा (प्रार्थना) कोकणीतून होते आणि तियात्र या कोकणी नाटकांची तिकिटं दुकानातच मिळतात, मी मराठीवाली. माझा पासपोर्ट आजोबांच्या जन्मनोंदीवरून मिळालेला पोर्तुगीज, स्टेटस इथलं सेटल्ड, म्हणजे कायम राहण्याचं, गावी 1987 च्या कायद्याने राजभाषा कोकणी आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा. मी कुठली, हे कागदांना विचारलं तर प्रत्येक कागद वेगळं सांगेल. आवाजाला विचारलं तर एकच उत्तर येतं, आणि तो आवाज पुस्तकात चालत नाही म्हणतात. मला तेव्हा फार एकटं वाटलं, आजही वाटतं.

माझी मुलगी इथेच वाढली. तिला देवनागरी येत नाही. शनिवारी पोहणं आणि रविवारी माझी झोप, यात ती शिकवायची राहिली. पण मराठी तिला कळते, आणि ती कानानेच आली, माझ्या आईच्या व्हिडिओ कॉलमधून आणि स्वयंपाक करताना मी लावलेल्या पुस्तकांतून. कादंबरीतली भांडणं तिला पाठ आहेत. लिपीची काळजी पत्रलेखकांनी केली ती खरी काळजी आहे, मलाही आहे, त्यांच्याहून जास्त आहे. पण त्यांचं म्हणणं खरं मानलं तर माझ्या मुलीने आजवर एकही मराठी पुस्तक वाचलेलं नाही. हे मी मान्य करणार नाही. कुठल्या कादंबरीत कोण कुणाशी का बोलत नाही, हे ती मला सांगू शकते. आमच्या ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्या तिच्या वयाच्या किती मुलांनी ती पुस्तकं उघडली आहेत, हेही एकदा विचारावं.

वाचनालयाला एक गोष्ट मी लेखी कळवली आहे. वर्गणीला पैसे नसतील तर नसू देत. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग व्यक्तींसाठी कुठलंही पुस्तक ऐकण्याच्या रूपात करायला परवानगी देतो, त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी, ना-नफा तत्त्वावर. म्हणजे मावशीसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायला कुणाची मेहेरबानी लागत नाही. नोंदवही ठेवावी, कुणाला दिलं ते लिहावं, एवढंच. शिरोड्याच्या नाटकातल्या दोघांशी मी फोनवर बोलले. दोघंही वाचायला तयार आहेत, मानधन नको म्हणाले. मी म्हटलं, घ्या, थोडं का होईना घ्या, हे काम आहे. माइकचे पैसे मी पाठवते. पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं ते मावशी ठरवेल. तिची यादी तयार आहे, आणि त्यात ती फोंड्याच्या बाजाराची कादंबरी सगळ्यात वर आहे.