गोळी आधी की ताट?

फाट्यावरच्या टपरीमागं कडुलिंबाखाली सिमेंटचा ओटा आहे. संध्याकाळची एसटी येईस्तोवर तिथं वाद रंगतो. या खेपेचा विषय उन्हाळ्यातली सकाळपाळी. सातची शाळा, सव्वासहाची गाडी, दोन लेकरांचे डबे, आणि घरातल्या कमावत्या माणसाला शुगर.

कंडक्टरभाऊंचा हिशेब सोपा. "उठल्याबरोबर तोंड धुवाचं अन् गोळी गिळाची. मंग विसराचं कामच नाही. लेकरायच्या गडबडीत राहूनच जाते ना ते!"

"कोणती गोळी?" उपकेंद्राच्या सिस्टर.

"शुगरची, आनखी कोनती?"

"पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी. पण उपाशी पोटी घेतलं तर मळमळ आणि जुलाब, म्हणून ते खाल्ल्यावर. ग्लिमेपिराइड असेल तर गोष्टच वेगळी. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. पोटात भाकर आहे की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पाचला गिळलं आणि आठला खाल्लं, तर मधले तीन तास धोक्याचे. आणि बऱ्याचदा एकाच गोळीत दोन्ही असतात."

गुरुजींनी इथं धरलं. "मग सव्वासहाच्या गाडीवाल्यानं काय करायचं? पावणेसहाला घास उतरत नाही. साडेनवाच्या सुट्टीत खाईल तेव्हाच घेऊ दे की."

यावर सिस्टर अडल्या नाहीत. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य खाण्यासोबत घ्यायचं असतं. ते खाणं रोज साडेनवालाच होणार असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ तशी बांधून घेता येते. मग गोळीची जागा देवळीत नाही, डब्यात. झाकणाला रबरबँडनं अडकवली की डबा उघडताना हाताला लागतेच. त्यातूनही राहिली, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

"मंग साडेनवापर्यंत उपाशीच? तसंही उपाशी असलं का शुगर उतरतेच."

"नेहमी नाही. पहाटे अंगातले काही हार्मोन्स वाढतात आणि यकृत साखर सोडतं. काही न खाताही सकाळची शुगर चढलेली दिसते ती त्यामुळं. एखाद्याची रात्री खाली जाऊनही सकाळी वर असते. दोन-तीन रात्री तीनच्या सुमारास तपासलं की कळतं."

खरी कसोटी इन्सुलिनवाल्यांची. साधं ३०/७० मिक्स, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, जेवणाआधी ३० मिनिटं घ्यावं लागतं, आणि सकाळचा अर्धा तास म्हणजे एका लेकराचा मोजा हरवायला पुरेसा वेळ. कंडक्टरभाऊ म्हणाले, सुई टोचून डबे भराले लागाचं. सिस्टरनं क्रम उलटवला: आधी आपलं ताट वाढून झाकून ठेवायचं, मग हात धुऊन शुगर पाहायची, मग सुई, आणि लगेच मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर. ताट तयार नसेल तर सुई नाही. हात धुणं आवश्यक, कारण गूळ फोडलेल्या बोटानं आकडा खोटाच वर येतो. हे मिक्स गढूळ असतं, म्हणून त्याचं पेन तळहातात १० वेळा फिरवायचं, १० वेळा वरखाली करायचं, २ युनिट हवेत सोडून पाहायचे आणि टोचल्यावर १० पर्यंत मोजून मगच सुई काढायची. घाईत हीच शेवटची पायरी सुटते आणि थेंब कातडीवर राहतो. अर्धा तास थांबणं जमतच नसेल, तर खायच्या अगदी आधी घेता येणारं इन्सुलिनही मिळतं. बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा.

नाश्त्यावर फार भांडण झालं नाही. तर्री-पोह्यात तर्रीचे चणे वाढवा, पोहे कमी करा, यावर तिघंही एक. रात्री भिजवलेल्या मुगाचं धिरडं किंवा ज्वारीची भाकर आणि कोरडा झुणका. डब्यासाठी कोरडाच, पातळ पिठलं उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं.

मग गुरुजींनी नेमकं विचारलं. "मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? शुगर उतरली हे ओळखायचं कसं?"

सिस्टर जरा थांबल्या. हात थरथरणं, छाती धडधडणं, अचानक कडकडून भूक. आणि विनाकारण लेकरांवर खेकसणं, हे घरच्यांना आधी दिसतं. शंका आली की मोजायचं. यंत्र जवळ नसेल तर उतरलीच समजायचं. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन-चार सपाट चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरी वर नाही तर पुन्हा तेवढीच. वर आली की भाकर किंवा पोळी खायची. पेढा चालत नाही, त्यातल्या तुपामुळं साखर सावकाश चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या शुगरच्या गोळ्या चालू असतील तर साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच, कारण ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा.

"अन् फटफटीवर असंल तं?"

"गाडी बाजूला. शुगर नीट झाल्यावरही पाऊण तास चालवायची नाही. साखरेची पुडी खिशात ठेवा, डिक्कीत नको. शुगरच्या पट्ट्याही तिथं नको. उन्हात डिक्की तापली की पट्ट्या खराब होतात."

"इन्सुलिन कुठं ठेवाचं मंग? लाइन तं दिवसभर जाते."

"मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथं. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, म्हणून मडकं चांगलं गार होतं. पेन डबीत घालून ठेवा, ओलं होऊ देऊ नका. बर्फावर ठेवायचं नाही. एकदा गोठलं की फेकायचंच. आणि सुई लावून ठेवू नका, हवा शिरते."

"पावसाळ्यात?"

"दमट हवेत मडकं तेवढं गार होत नाही. पण तेव्हा बाहेर ४५ अंशही नसतात."

गाडीचा हॉर्न वाजला.