तळीरामाचं पासबुक

परवा मध्यंतरात माझ्या पुढच्या माणसानं शेवटचे चार बटाटेवडे नेले. नेऊ देत, रांगेत तो पुढे होता. पण त्यासाठी त्यानं नऊ मिनिटं घेतली, आणि तीही एका कारकुनाच्या थकलेल्या पगारापायी, हे मात्र अजून पचलेलं नाही. वडा न खाता अपचन झालेला मी पहिलाच असेन.

नाटक राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. सुधाकर वकिलाची सनद सहा महिन्यांसाठी गेलेली, कारकून तळीरामानं त्याला प्यायला शिकवलेलं, आणि पडदा पडलेला. मी धावत काउंटरवर. पुढे फक्त एक काका. पांढरा झब्बा, काखेत काकूंची पर्स. म्हटलं, जमलं.

“किती देऊ?” वडेवाला म्हणाला.

“मला एक सांगा,” काका म्हणाले, “सनद गेली म्हणजे वकिली बंद. वकिली बंद म्हणजे फी बंद. मग तळीरामाला पगार देतंय कोण?”

वडेवाल्याचा झारा हवेतच थांबला. “वडे किती?”

“बँकेत ऑडिटला होतो मी. ते आर्यमदिरामंडळ घ्या. एवढी माणसं ढोसतात, वर्गणीची पावती एकाची दिसत नाही!”

“कारकुनाला वरकमाई असते,” वडेवाला म्हणाला. काय गरज होती याला बोलायची?

“पक्षकारच नाहीत, तर वरकमाई कुठली?”

दोघेही विचारात पडले. मागून कुणीतरी “कुणी वडा देता का वडा” म्हणालं. असा एक जण प्रत्येक मध्यंतरात असतो आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय असं त्याला वाटत असतं.

“काका, नाटकातला माणूस तो. विंगेत गेला की संपला,” मी म्हटलं.

चूक झाली. काका अख्खे वळले.

“संपला? मग त्याची बायको, ती गीता, विंगेत काय खाते? गडकऱ्यांना विचारावं, तर नाटक उभं राहायच्या महिनाभर आधीच गेले बिचारे, १९१९ च्या जानेवारीत. आता हे आपल्यालाच बघायला हवं ना?”

या ‘आपल्याला’मध्ये मी होतो.

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला भूक लागलीय.”

“वा!” काकांचा आवाज घोगरा झाला. “सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचंही पुढे हेच होणार आहे.”

मग पर्स उघडली. आधी बीपीच्या गोळ्या निघाल्या, मग चष्म्याचं घर, मग सुटे पैसे, आणि सुटे पैसे दोनदा मोजले गेले. “चार द्या. दोन हिला.” परातीत उरलेला चुरा वडेवाल्यानं माझ्याकडे बघत झाकून टाकला आणि वेफर्सचं पाकीट पुढे केलं. तिसरी घंटा झाली. पाकीट आत नेता येत नाही म्हणे, वाजतं.

पाचशेचं तिकीट, अख्ख्या थिएटरला एक काउंटर आणि दहा मिनिटांचं मध्यंतर. पूर्वी संगीत नाटकं रात्रभर चालायची. माणसं घरून जेवून येत आणि पहाटे चहाला घरी जात. आता नाटक कापलं, पदं कापली, मध्यंतरही कापलं. वड्याचा भाव तेवढा वाढला. पात्रांच्या पोटापाण्याची चौकशी होते, प्रेक्षकाच्या कोण करतं?

उत्तरार्धात सिंधू जात्यावर बसली. हुंदके सुरू झाले. मी मात्र एवढ्या दळणाचे किती मिळत असतील, याचा हिशेब घालत होतो. काकांनी घाण करून ठेवली होती डोक्याची. ‘संगीत शारदा’त शारदेचं लग्न बोहल्यावर मोडलं, मग मांडववाल्याचं बिल म्हाताऱ्या नवरदेवानं, भुजंगनाथानं दिलं का? ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबा लोखंड्याच्या इतक्या बायका, त्याला सासुरवाडीला जायला वेळ कधी मिळायचा? इतक्यात स्टेजवर कुणीतरी मेलं आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो.

बाहेर रिक्षाला रांग. पुढे तेच काका. एकच रिक्षा आली, ती अर्थात त्यांना. आत बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं.

“उधारी हो!” ते ओरडले. “गुत्त्यावर खातं असणार त्याचं!”

रिक्षा गेली. पण तळीराम तर नाटकातच मरतो. मग त्या गुत्तेवाल्याचे पैसे कुणी फेडले, ते विचारायचं राहूनच गेलं.