जुनं टेबल न घासता रंगवा? आमच्या हवेत तरी नको

सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय: जुनं ड्रेसिंग टेबल घ्या, ओल्या फडक्याने पुसा, घासू नका, त्याने लाकूड खराब होतं. चॉक पेंटचे, म्हणजे खडूसारख्या मॅट दिसणाऱ्या पाण्याच्या रंगाचे, दोन हात मारा, संध्याकाळी टेबल वापरायला तयार. वर रंगामुळे कीड लागत नाही हेही आहेच. मालवणात शेजारच्या काकींनी जुन्या घरातलं सागवानी टेबल विकत आणलं, तेव्हा मला तोच मेसेज दाखवला. "घासूची गरज नाय म्हणतत रे," त्या म्हणाल्या. ते टेबल आम्ही दोघांनी मिळून रंगवलं, म्हणून हे लिहितोय.

आधी घासण्याचं. चॉक पेंट अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणला आणि तो बऱ्याच पृष्ठभागांवर धरतो हे खरंच आहे. पण आपल्याकडच्या ड्रेसिंग टेबलावर वर्षानुवर्षं वेण्या घातलेल्या असतात. वरच्या फळीत खोबरेल मुरलेलं असतं. काकींच्या टेबलावर स्पिरीटचा बोळा फिरवला तर तो पिवळा-तपकिरी होऊन आला, तीनदा बदलला तरी तसाच. अशा फळीवर रंग बसतो, धरत नाही. नख लावलं की पापुद्रा उठतो. बोळ्याखाली जुनं पॉलिश चिकट झालं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं. नाही झालं तर बहुधा मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे कडक चकचकीत पॉलिश, आणि त्या गुळगुळीत थराची चकाकी मोडायलाच हवी. लाकूड उघडं पाडायचं नसतं. आधी तेल काढायचं, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायचं, इतकंच.

लाकूड खराब होण्याची भीती एका ठिकाणी रास्त आहे: प्लायवर चिकटवलेलं विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा, फार पातळ असतं, जोर लावला की खालचा थर दिसतो. पण खरा धोका मेसेजमध्ये नाहीच. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पेपर पाण्यात भिजवून घासा, चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा, चिखल फडक्याने टिपून घ्या.

दोन हातांचं थोडक्यात. सागवानावर पांढरा पाण्याचा रंग दिला की लाकडातला रस वर येऊन तपकिरी डाग पडतात. मेणविरहित चपडी स्पिरीटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात आधी द्या. गंजलेले स्क्रूही काढून पितळी बसवा, खाऱ्या हवेत गंज रंगातून फुटतो.

"संध्याकाळी तयार" हे मला सगळ्यात जास्त खटकलं. काकींना टेबल चतुर्थीला हवं होतं, म्हणून श्रावणात एक खण करून बघितला. चपडी वाळता वाळता पांढुरकी पडली. हवेतलं पाणी थरात अडकलं होतं. मग दिवाळी होईपर्यंत थांबलो. हात लावल्यावर कोरडा वाटणारा रंग आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो, आणि दमट हवेत त्याहून जास्त. तोवर आरशाखाली बाटल्या मांडल्या की त्यांचे गोल ठसे उमटतात. खणाच्या बाजूच्या पट्ट्यांना तर रंग लावूच नका. पावसात लाकूड फुगतं, त्यात रंगाची जाडी आली की खण अडकून बसतो. आम्ही त्या पट्ट्या उघड्या ठेवून मेणबत्ती घासली.

राहिली कीड. घुणाची अळी लाकडाच्या आत असते, तिला वरचा रंग मारत नाही. काकींच्या टेबलाच्या मागच्या पायाला टाचणीएवढी भोकं होती आणि खाली मैद्यासारखा भुगा. कीडनाशक सिरिंजने भोकांत सोडायचं ते रंगाआधी, कारण रंगवलेल्या लाकडात औषध मुरत नाही. वाळवी जमिनीतून मातीच्या नळीने चढते, तेव्हा पाय ओल्या भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटे ठेवा.

काकींचा वरचा खण आता एका बोटाने सरकतो. डाव्या कडेला मात्र आमच्याकडून खोबरेल नीट निघालं नव्हतं, तिथे नखाएवढा रंग सुटलाय. पाऊस सरला की तेवढा कोपरा परत घासायला काढणार आहोत.