चांदणी बघून ट्रक घेऊ नका

सोलापुरात जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात लिहिलंय: "पन्नास वर्षांपुढचा टाटा-मर्सिडीज ट्रक भंगाराच्या भावात मिळतो. व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर घेतला की परमिट नाही, पासिंग नाही. स्वतःपुरता चालवायचा तर कारचं लायसन्स पुरतं आणि शेतात ठेवला तर कागदांचीही गरज नाही. बोनेटवर मर्सिडीजची चांदणी असली की माल अस्सल. टायरात हवा भरा आणि घेऊन या." मला हे ट्रक जिवापाड आवडतात. लोकांनी ते घ्यावेत, जपावेत असंच वाटतं. पण या मेसेजच्या भरवशावर कुणी पैसे टाकले तर ट्रकही जाईल आणि पैसेही.

आधी व्हीए नंबर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली ही सोय आली, हे खरं. नवीन नोंदणीला 20,000 रुपये फी, मुदत 10 वर्षं. पण हा नियम पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे. मागे जोडटायर असलेला ट्रक सहाचाकी, तो यात बसवणार कसा? शिवाय चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्या काळात बहुतेक ट्रक चेसिस म्हणूनच विकले जात. केबिन आणि हौदा गावोगावचे कारागीर लाकडात बांधायचे, आणि दर काही वर्षांनी नव्याने बांधायचे. मूळ रूप कशाला म्हणणार? आणि समजा नंबर मिळालाच, तरी त्यावर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. घरचा कांदा मार्केट यार्डात नेता येणार नाही.

"स्वतःपुरता" या शब्दाने कायद्यात काही बदलत नाही. 1939 च्या कायद्यात स्वतःचा माल नेणारा प्रायव्हेट कॅरिअर आणि भाड्याने लोकांचा माल नेणारा पब्लिक कॅरिअर असा भेद होता, म्हणून तर जुन्या ट्रकांच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' दिसायचं. 1988 च्या कायद्याने तो भेद संपवला. मालवाहू म्हणजे मालवाहू, आतला माल कुणाचाही असो. एकूण वजन 3,000 किलोच्या वर असेल तर परमिट लागतं आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी. कारच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. टाटा 1210 मधला 12 म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन, सुमारे 12 टन. आता बघा.

शेताचं म्हणाल तर कायद्याच्या कलम 39 मध्ये "सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी" असे शब्द आहेत. नोंदणीशिवाय गाडी चालवायची नाही, बांधाच्या आतही नाही.

आता चांदणी. टाटांची ट्रक कंपनी टेल्को आणि मर्सिडीजवाली डाइमलर-बेंझ यांचा करार 1954 चा, तो 1969 साली संपला. त्यानंतर चांदणी गेली आणि टाटांचा 'टी' आला, पण नाकवाला ट्रक त्याच घडणीत पुढे वर्षानुवर्षं निघत राहिला. म्हणजे 1978 च्या ट्रकवर जुनी चांदणी बसवली की लांबून फरक कळत नाही. गेल्या वर्षी अक्कलकोट रोडच्या बाजूला मी असाच एक बघितला. जाळी गंजलेली, पत्रा पोपडे धरलेला आणि चांदणीचे बोल्ट मात्र कोरे. मालक 1962 चा सांगत होता. गाडीवर नंबर होता एमएच-13. ही एमएच मालिका 1989 च्या नियमांनंतरची. महाराष्ट्रातल्या त्याआधीच्या गाड्यांचे तीन अक्षरी नंबर तसेच राहिले. मग 1962 चा ट्रक एमएच-13 वर कसा आला, एवढंच विचारलं. उत्तर मिळालं नाही. मिलिटरीच्या लिलावातली गाडी किंवा परराज्यातून आलेली गाडी अशी खरी कारणं असू शकतात, पण मग त्यांचे कागद असतात.

म्हणून बोनेट नंतर बघा. आधी चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला नंबर वायर ब्रशने घासून काढा. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची आहेत का? तेवढ्याच जागी ग्राइंडर फिरलाय का, तेवढाच रंग ताजा आहे का? मग इंजिनाचं मॉडेल बघा. 692 म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर. इंजिन बदललेलं असलं तर त्यात पाप नाही, जुन्या ट्रकची इंजिनं बदललीच जातात. पण आरसीवर त्याची नोंद हवी. नोंदणी रद्द करून भंगारात काढलेली गाडी असेल तर भाव कितीही पडलेला असो, हात लावू नका. आणि बँकेचा बोजा उतरलाय का, हे आरटीओत स्वतः जाऊन बघा. जुन्या नोंदी ऑनलाइन सापडतीलच असं नाही.

एक मनातलं. सगळे चांदणीच्या मागे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघायचे आणि तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात 1882 साली जन्मले. फार्गो जपणारा एक तरी माणूस या गावात असायला हवा. पत्र्याचे पार्ट शोधताना दमछाक होईल, टाटाइतकं सोपं नाही, तरीही.

राहिलं "हवा भरा आणि घेऊन या". या 20 इंची चाकांत ट्यूब असते आणि टायर जागेवर धरायला रिमवर लोखंडी रिंग. वर्षानुवर्षं उभ्या ट्रकची रिंग गंजून पातळ झालेली असते. हवा भरताना ती सुटली तर समोरच्या माणसाचा जीव जातो. टायरवाल्याला बोलवा, चाक उतरवून रिंग तपासून घ्या, चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरा. तोपर्यंत ट्रक ट्रेलरवर चढवून आणा. भाडं पडेल, ते ट्रकच्या किमतीतच धरा.