चर्च कुणाच्या बाजूने उभं होतं?

"पोटाची चिंता मिटली, शिक्षण आलं की धर्म आपोआप मागे पडतो." हे वाक्य मी वादावादीत कितीतरी वेळा ठणकावून सांगितलंय. ते अगदीच खोटं नाही. २००९ साली गॅलप या जनमत चाचणी संस्थेने देशोदेशी विचारलं होतं, धर्म तुमच्या रोजच्या जगण्यात महत्त्वाचा आहे का? बांगलादेशात जवळजवळ सगळे हो म्हणाले, एस्टोनियात सहातला एखादा. पण मग सुखवस्तू अमेरिकेत ६५ टक्के लोक हो कसे म्हणाले? तिथे माझं गणित अडतं.

आणि पोलंड-चेकियापाशी तर ते साफ कोलमडतं. सख्खे शेजारी. भाषा चुलत बहिणी. दोघांनी चाळीसेक वर्षं कम्युनिस्ट राजवट सोसली. तरी पोलंड युरोपातल्या धार्मिक देशांत मोडतो (तिथली तरुण पिढी आता झपाट्याने दूर जातेय, ते वेगळं) आणि चेकियात देवळात फिरकणारी माणसं शोधावी लागतात.

मला यामागे इतिहास दिसतो: चर्च लोकांच्या बाजूने उभं राहिलं तिथे धर्म टिकला, सत्तेच्या बाजूने गेलं तिथे ओसरला. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावरच नव्हता, तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता. राज्य करणारे रशियन ऑर्थोडॉक्स, प्रशियन प्रोटेस्टंट. तिसरा वाटेकरी ऑस्ट्रिया कॅथलिक होता खरा, पण एकूणात कॅथलिक असणं म्हणजे पोलिश असणं, हे समीकरण पक्कं झालं. पुढे १९७८ मध्ये पोलिश माणूस पोप झाला, १९७९ मध्ये मायदेशी आला आणि लाखोंची गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी ही कम्युनिस्ट सरकारला आव्हान देणारी कामगार संघटना उभी राहिली.

चेक लोकांचा अनुभव नेमका उलटा. त्यांच्या यान हुस या धर्मसुधारकाला चर्चने १४१५ मध्ये जिवंत जाळलं. १६२० मध्ये बंडखोर चेक हरले, त्यानंतर ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजांनी सगळ्यांना सक्तीने कॅथलिक केलं. पाद्री म्हणजे परक्या राजाचा माणूस! अशा चर्चसाठी कम्युनिस्टांशी कोण भांडणार?

आयर्लंडने तर दोन्ही टोकं पाहिली. इंग्रजांच्या काळात चर्च लोकांचं होतं. १९७० च्या दशकातही दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला प्रार्थनेला जात. पण स्वातंत्र्यानंतर तेच चर्च सत्ता होऊन बसलं होतं. मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांनी चर्चचं न ऐकता गर्भपातबंदी उठवायच्या बाजूने मत दिलं.

माझा सिद्धान्त इथवर छान चालतो. मग पूर्व जर्मनी आडवा येतो. १९८९ मध्ये लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनांतूनच सरकारविरोधी मोर्चे निघाले. चर्च लोकांच्या बाजूने याहून ठामपणे कसं उभं राहणार? तरी तो भाग आजही जगातल्या सर्वांत निधर्मी प्रदेशांपैकी एक आहे. १९५४ पासून सरकारने चर्चच्या दीक्षाविधीसमोर स्वतःचा 'युगेंडवाइहे' हा वयात येणाऱ्या मुलांचा निधर्मी समारंभ उभा केला होता. पिढ्यान् पिढ्या मुलं तिकडेच गेली. १९८९ साली त्या चर्चमध्ये जमलेल्या कित्येकांना प्रार्थनेचे शब्दही येत नसणार. आसरा घेतला, मोर्चे काढले, बर्लिनची भिंत पडली आणि मंडळी घरी परतली.