मरियेचा विश्वास म्हणजे गप्प बसणे नव्हे

येशूची आई मरिया हिच्या विश्वासावरचा लेख आवडला, पण त्यातले 'मरियेने कधी प्रश्न विचारला नाही' हे वाक्य खटकले. लूकच्या शुभवर्तमानात (१:३४) येशूच्या जन्माचा निरोप आणणाऱ्या देवदूताला ती 'हे कसे होईल?' असे सरळ विचारते आणि मगच होकार देते. लहानपणी हरवलेला येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला तेव्हाही 'बाळा, तू आमच्याशी असे का वागलास?' हा तिचाच प्रश्न. उत्तर तिला समजले नाही, असे लूकच लिहितो (२:५०). तरी ती थेट क्रुसापाशी उभी राहिली.

सात दुःखांची माळ (मरियेच्या सात दुःखांवर मनन करत म्हणायची जपमाळ) करणाऱ्यांसाठी: प्रत्येक दुःखाला एक प्रभूची प्रार्थना व सात 'नमो मरिया' प्रार्थना, शेवटी तिच्या अश्रूंसाठी तीन. एकूण ५२ नमो मरिया. नेहमीच्या, दहा-दहा मण्यांचे गट असलेल्या रोझरीवर (जपमाळेवर) हमखास मोजणी चुकते. सातव्या मण्यावर थांबून पुढचे तीन सोडा. चौथे दुःख, क्रूस वाहणाऱ्या येशूची वाटेवरची भेट, शुभवर्तमानात नाही, परंपरेतले आहे. तिथे वाचायला उतारा शोधत बसू नका.

आजाऱ्याच्या खाटेजवळ सातही एका दमात नकोत. तो थकतो, आपण भरभर उरकतो. रोज एक, आठवड्यात माळ पूर्ण. बेळगाव-खानापूरकडे एकाच घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही चालतात, त्यावरून वाद कशाला? नमो मरियेचे दोन भाग आहेतच: पहिला एका भाषेत, उत्तराचा दुसरा भाग दुसऱ्या भाषेत. दुःखी मातेचा, म्हणजे मरियेच्या या दुःखांचा सण १५ सप्टेंबरला, क्रुसाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी.