‘लाइटच तर आहे, कुठूनही पॉवर द्या’ म्हणे!

एफआरसी (शाळेतल्या मुलांची रोबोट स्पर्धा) रोबोटवर एलईडीची पट्टी लावायच्या ‘सोप्या ट्रिक्स’ असा एक मेसेज फिरतोय. इतके दिवस सोडून दिलं होतं, पण काल पुतणीनेच पाठवला, वर ‘काका आज आम्ही हेच करतोय’, मग राहवलं नाही.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी. म्हणे पट्टी थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडा, म्हणजे मेन ब्रेकर (रोबोटचा मुख्य स्विच) बंद असला तरी रोबोट पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, झगमगत राहतो. अहो तोच तर प्रॉब्लेम आहे! तो १२० अँपिअरचा ब्रेकर ठेवलाय कशाला, दाबला की अख्खा रोबोट मेला पाहिजे म्हणून. तुमची पट्टी त्याच्या अलीकडेच, मध्ये ना फ्यूज ना काही, आणि वायर दोऱ्याएवढी. रोबोटचा एलिव्हेटर वरखाली होताना ती घासली, लाल-काळी एकमेकींना भिडल्या की १८ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर तापून प्लास्टिक वितळतं आणि तुम्ही ब्रेकर दाबत बसा, काय उपयोग? गेम मॅन्युअलचा (स्पर्धेच्या नियमपुस्तकाचा) रोबोटवाला भाग एकदा उघडून बघा, लोडचं, म्हणजे वीज खाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं, सर्किट पॉवर डिस्ट्रिब्युशनमधूनच (वीज वाटणाऱ्या बोर्डातूनच), आपापल्या ब्रेकर किंवा फ्यूजमागून निघायला हवं. इन्स्पेक्शनला हे पास होणार नाही.

पुढे, ‘एलईडी करंट खातच नाही, रोबोरिओच्या ५ व्होल्टवरून घ्या’. रोबोरिओ म्हणजे रोबोटचा मुख्य कंट्रोलर. पुतणीच्या पट्टीत १५० दिवे, डब्ल्यूएस२८१२बी जातीचे. फुल पांढरा केला तर एकेक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे झाले ९ अँपिअर! रोबोरिओचा ५ व्होल्टचा पुरवठा सगळा मिळून १ अँपिअरचा. डेटा वायर रोबोरिओच्या पीडब्ल्यूएम पोर्टला (सिग्नल देणाऱ्या पिनांना) लावा म्हणतात तेवढं बरोबर आहे, चला.

‘पट्टी पॉवर बँकवर चालवा’ म्हणतात, त्यातलं अर्धं खरं, मान्य. १०० वॉट-अवरपर्यंतची यूएसबी पॉवर बँक चालते, पण रोबोटवरच्या कॉम्प्युटरसाठी आणि त्याला जोडलेल्या तयार पेरिफेरलसाठी. नुसती पट्टी तिच्यावर टांगायची, हे मॅन्युअलमध्ये नाही.

आणि शेवटी ‘आपले लाइट आहेत तर आरएसएल (रोबोट सिग्नल लाइट) काढून टाका’. तो नारिंगी दिवा सक्तीचा आहे, रोबोट एनेबल आहे का, म्हणजे हलू शकतो का, ते माणसं त्याच्याकडे बघूनच ठरवतात. यावर अजून काय बोलू.

पुतणीला फोन केला तेव्हा ती बॅटरीच्या लीडला वायर क्रिंपच करत होती. आता पट्टी व्हीआरएमच्या (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूलच्या) ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या आउटपुटवर आहे, कोडमध्ये ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणलाय, आणि ‘काका, काहीच दिसत नाही’ म्हणून बाईसाहेब रुसल्यात.